समान आज्ञा, असमान वेळ

ज्या दोन आज्ञांचे फलित एकच, त्यांना लागणारा वेळही एकच असला पाहिजे, अशी समजूत संगणकाच्या अभ्यासकांतही आढळते. ती चुकीची आहे. आणि तिचे परिणाम केवळ वेगापुरते मर्यादित नसल्याने तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

१९७८ साली निघालेल्या इंटेल ८०८६ या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. रजिस्टरमधील संख्या दुप्पट करण्याचे तीन मार्ग त्यात होते. संख्येचे अंक एक घर डावीकडे सरकविल्यास घड्याळाचे २ ठोके लागत. संख्या तिच्यातच मिळविल्यास ३. आणि द्विमान पद्धतीतील १६ अंकी संख्येला २ ने गुणिल्यास किमान ११८. आज्ञा स्मृतीतून आणण्याचा वेळ यात धरलेला नाही. या तफावतीचे कारण असे की, बेरजेसाठी त्या प्रोसेसरात स्वतंत्र विद्युत्मंडल होते, गुणाकारासाठी नव्हते. सरकविणे व मिळविणे या क्रियांची पुनरावृत्ती करूनच तो गुणाकार साधीत असे.

पुढे गुणाकाराचीही मंडले आली, आणि आज अनेक प्रोसेसर तो तीन-चार ठोक्यांत उरकतात. भागाकार मात्र अद्याप मागेच आहे. पाटीवरचे गणित आठवावे. गुणाकारातील सर्व ओळी एकदम मांडून त्यांची बेरीज करता येते. भागाकारात मात्र आधीची बाकी कळल्यावाचून पुढचा अंक काढता येत नाही. जे काम वाटून घेता येत नाही, त्याला वेळ लागणारच.

परंतु सर्वच फरक गणिताच्या स्वभावातून येत नाहीत. काही यंत्रकाराच्या निवडीतून येतात. 'गणकातून एक वजा कर व शून्य न झाल्यास मागे जा' अशी एक जोड-आज्ञा ८०८६ मध्ये होती. मागे जाताना तिला १७ ठोके लागत. तेच काम दोन सुट्या आज्ञांनी केल्यास १८. १९८९ च्या ८०४८६ मध्ये हा क्रम उलटला: जोड-आज्ञेला ७, सुट्या आज्ञांना मिळून ४. साध्या, वारंवार लागणाऱ्या आज्ञा यंत्रकारांनी वेगवान केल्या. जोड-आज्ञा मागे राहिली.

आता खरा धोका पाहू. काही प्रोसेसरांत एकाच आज्ञेचा वेळ तिच्या हाती दिलेल्या संख्येनुसारही बदलतो. १९९६ साली पॉल कोचर यांनी दाखवून दिले की, गुप्तलेखनाच्या गणनेस लागणारा वेळ बाहेरून मोजून गुप्त किल्ली ओळखता येते. वेळ म्हणजे येथे फुटलेले गुपितच होय.

आपल्या देशात आयआयटी मद्रास येथे 'शक्ती' आणि सी-डॅकमध्ये 'वेगा' हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह आज्ञासंचावर घडविले गेले आहेत. आज्ञेने काय करावे हे तो संच सांगतो. किती वेळात करावे, हे बहुतांशी यंत्रकारावर सोपवितो. त्याच्या 'झेडकेटी' या विस्तारात मात्र ठरावीक आज्ञांचा वेळ संख्येवर अवलंबून नसेल, अशी हमी मागितलेली आहे. आमचे स्पष्ट मत असे की, प्रत्येक यंत्रकाराने आज्ञेच्या अर्थाशेजारी तिचा वेळ, आणि तो संख्येनुसार बदलतो की नाही, हेही छापावे. विद्यार्थ्यांनीही आज्ञा नुसत्या मोजू नयेत. त्यांचा वेळ मोजण्यास शिकावे.