उंदराचं इन्सुलिन

१९७७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत अ‍ॅक्सेल उल्रिच आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं वेगळी काढली, त्यांतल्या आरएनएवरून डीएनएची प्रत बनवली आणि ती जिवाणूत वाढवली. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये लिडिया व्हिला-कोमारॉफ आणि वॉल्टर गिल्बर्ट यांच्या चमूने जिवाणूकडून उंदराचं प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचं पूर्वरूप, करवून घेतलं. आज याच वाटेने आलेलं कुपीतलं मानवी इन्सुलिन टोचून घेताना हे उंदीर कुणाला आठवत नाहीत. आठवायला हवेत.

आम्हाला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं काम. उंदराकडे इन्सुलिनची दोन जनुकं असतात, माणसाकडे एकच. जनुक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, तरी मुख्यतः स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतच ते कामाला लागतं आणि रक्तातली साखर वाढली की जास्त जोमाने. हे ठरवतो जनुकालगतचा डीएनएचा छोटा तुकडा. १९८५ साली डग्लस हॅनाहान यांनी उंदराचा तो तुकडा एका विषाणूच्या गाठी आणणाऱ्या जनुकाला जोडून छोट्या जातीच्या उंदरांत घातला. गाठी उठल्या त्या बीटा पेशींतच! या अंकातला मुख्य लेख याच तुकड्याबद्दल आहे. आकृत्या किचकट आहेत, तरी कृपया वगळू नका.