ताटातली चोरी हिशेबात पकडा

शाळेच्या खिचडीत अळी निघाली, मुलांना उलट्या झाल्या, की दोन दिवस आरडाओरडा होतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे काम जाते, मुख्याध्यापकांना नोटीस मिळते आणि प्रकरण मिटते. रोजच्या चोरीची मात्र बातमी होत नाही. पाण्यासारखे वरण आणि भाजी नसलेली खिचडी खाऊन कोणी दवाखान्यात जात नाही. मूल फक्त अर्धपोटी राहते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हे जेवण सरकारची खैरात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५०, ३० आणि ७५ ग्रॅम आहे. कागदावर सगळे ग्रॅममध्ये लिहिले आहे, आणि चोरीही ग्रॅममध्येच होते.

साधा हिशेब करा. समजा, एका प्राथमिक शाळेत रोज १५० मुले जेवतात आणि वहीत २०० लिहिली जातात. पन्नास मुलांचा रोजचा तांदूळ ५ किलो होतो. वर्षातले २०० दिवस धरले तर एक टन तांदूळ गायब! मे २०२५ पासून डाळ, भाजी, तेल, इंधनासाठी प्रति मूल ६ रुपये ७८ पैसे ठरले आहेत. त्याचे वर्षाला ६७,८०० रुपये होतात. हे फक्त एका शाळेचे. पोत्यातले कमी वजन आणि हलकी डाळ यात धरलेलीच नाही.

बेफिकिरी कुठवर जाते, ते बिहारमधल्या गंडामन गावाने २०१३ च्या जुलैमध्ये पाहिले. कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. आणि सत्य दाखवणाऱ्याचे काय होते? २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात मुले मीठ-पोळी खाताना दाखवणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा दाखल झाला होता.

आपल्या वस्त्यांत गप्प बसण्याचे आणखी एक कारण आहे. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या उर्दू शाळांत आपली गरीब मुले शिकतात. पटसंख्या कमी होत आहे. ‘बोललो तर शाळेची बदनामी होईल, शाळा बंद पडेल,’ असे वडीलधारे म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण खोट्या हजेरीवर उभी असलेली शाळा वाचत नाही, ती आतून पोखरली जाते. आणि हा पैसा खाणारा आपल्याच मोहल्ल्यातला असेल, तर त्याला झाकणे ही कौमची सेवा नव्हे.

मग तरुणांनी काय करायचे? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनेक ठिकाणी ही समिती फक्त सहीपुरती उरली आहे. तुमची आई, वहिनी, मोठा भाऊ तिथे जाऊ द्या. कागद वाचायला तुम्ही मदत करा. तीन गोष्टी तपासा: वहीतली संख्या आणि पंगतीतली संख्या, आलेल्या पोत्यांचे वजन, आणि मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी जेवण चाखल्याची नोंद. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलाला त्याचा अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, हेही पालकांना सांगा.

मात्र बोट दाखवताना चूल फुंकणारीकडे दाखवू नका. केंद्राने स्वयंपाकी-मदतनीसाचे मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवले आणि त्यात पुढची कित्येक वर्षे वाढ केली नाही. तिच्या हाती जेवढा माल येतो, तेवढाच ती शिजवते. प्रश्न माल पाठवणाऱ्याला, बिल मंजूर करणाऱ्याला आणि निधी कापणाऱ्याला विचारायचा आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस मुलांच्या ताटात आठवड्याला एक अंडे आले. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणी काढा, असे सांगितले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही, त्यांनीच वर्गणी काढायची!

या महिन्यात आपल्या भागातल्या एका शाळेच्या समितीची बैठक कधी आहे, एवढे विचारून या. सुरुवात तिथूनच होईल.