आईचा पत्ता

कोळंबीच्या बिजाची पिशवी रायगडच्या खाडीकाठी पोचते तेव्हा सोबत पीसीआर चाचणीचा कागद असतो. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू नाही, एवढं तो सांगतो. पिल्लांची आई कोण, यावर तो गप्प.

ही कोळंबी, व्हेनामी, मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. आपल्याकडे 2009 मध्ये तिच्या शेतीला परवानगी मिळाली ती अटींवर. नर-माद्या परदेशातल्या रोगमुक्त साठ्यातून आणायच्या, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून घ्यायच्या आणि मगच बीज काढणाऱ्या हॅचरीत न्यायच्या. तळ्यात वाढलेल्या कोळंबीपासून बीज काढायला मनाई आहे. एक तर ती रोग घेऊन येऊ शकते. शिवाय भावंडांची आपसातच पैदास होऊ लागली की पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं खुरटत जातात. पण आयात मादी महाग, आणि एकेक मादी लाखाच्या वर अंडी घालते. मोह कुठे आहे ते उघड आहे.

हा मोह पकडता येतो. पिल्लाचा निम्मा डीएनए आईचा, निम्मा बापाचा. आठ-दहा मायक्रोसॅटेलाइट खुणा किंवा शंभरेक एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) ताडून पाहिले की नातं कळतं. कोळंबी कात टाकते, वरून लावलेली खूण कातीसोबत जाते. डीएनएची खूण जात नाही. आणि नातं सिद्ध करण्यापेक्षा ते नाहीच हे दाखवणं सोपं असतं. फक्त एका खुणेच्या तफावतीवर कुणाला चोर ठरवू नये, दोन-तीन तरी जुळेनाशा झाल्या पाहिजेत. (कालवं-शिंपल्यांत तर काही खुणा यंत्राला दिसतच नाहीत आणि सख्खी पिल्लंही परकी ठरतात.)

अडचण प्रयोगशाळेची नाही. ताडून पाहायला आईबापांची नोंद लागते आणि ती चेन्नईत सहज होऊ शकते : प्रत्येक जनावराच्या पोहण्याच्या पायाचा छोटा तुकडा अल्कोहोलात. कंपन्या आपल्या वाणाच्या गुपिताची तक्रार करतील. मग नोंद किनारी जलशेती प्राधिकरणाच्या कुलपात राहू दे. 2023 च्या कायदादुरुस्तीने हॅचऱ्या आणि पैदास केंद्रं नाहीतरी याच प्राधिकरणाच्या कायद्याखाली आली आहेत. मनाई लिहिणाऱ्यानेच ती तपासायची कशी, हेही लिहावं.

आज पीक खुरटलं की दोष पाण्याला, खाद्याला, नाहीतर माणगाव-म्हसळ्याकडच्या तळीवाल्यालाच लागतो. अशी नोंद सुरू होईतोवर त्याने एवढं करावं : पिशवी सोडताना मूठभर पिल्लं अल्कोहोलच्या बाटलीत घालावीत, वर हॅचरीचं नाव आणि तारीख लिहावी, आणि पावतीसोबत जपावी.