साथीला संगणक, तरी कान आपलाच

सोलापुरात कीबोर्ड शिकणाऱ्या मुलाला रोज रात्री ड्रमर आणि बेस गिटारवाला कुठून मिळणार? ही अडचण आता संगणक सोडवतो. कॅनडातल्या पीटर गॅनन यांचं ‘बँड-इन-अ-बॉक्स’ हे सॉफ्टवेअर 1990 मध्ये आलं. कॉर्डची नावं टाइप करायची, शैली निवडायची, की साथ सुरू. पट्टी आणि लयही हवी तशी बदलता येते.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र घरोघरी रुळलं, मग याचं वावडं कशाला?

खरी गंमत रागांत आहे. भूपाच्या पाच स्वरांत तीन स्वरांचे नेहमीचे कॉर्ड दोनच बसतात: सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर. यमनात तीव्र मध्यमामुळे रे-म-ध हा मेजर कॉर्ड मिळतो. सा-ग-प वरून त्यावर जाऊन पाहावं, यमनाचा रंग लगेच कानात भरतो. असे प्रयोग संगणकावर न कंटाळता पन्नासदा करता येतात.

मात्र हा साथीदार गाणाऱ्याचा श्वास ऐकत नाही, समेसाठी थांबत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुलांनी भजनी मंडळात पेटी घेऊन बसावं, आणि क्लासवाल्यांनीच त्यांना तिथे न्यावं.