घराचा उसासा

घर बांधणारा माणूस छपराकडे पाहतो ते ऊन आणि पाऊस अडविणारी वस्तू म्हणून. ते बरोबरच आहे. परंतु छपराला दुसरेही एक कर्तव्य असते. चुलीचा धूर, माणसांच्या श्वासाने कोंदटलेली आणि उन्हाने तापलेली हवा यांना घराबाहेर जाण्याची वाट देणे, हे ते कर्तव्य होय. बीड जिल्ह्यातील खेड्यांत गेल्या तीन दशकांत घरांची छपरे झपाट्याने बदलली. मातीच्या जागी पत्रा आला आणि पत्र्याच्या जागी आता स्लॅब येत आहे. या बदलात पहिले कर्तव्य छपराने कसेबसे सांभाळले. दुसऱ्याचा मात्र त्याला पार विसर पडला. ही विस्मृती किरकोळ नाही. चुलीपुढे बसणारी स्त्री, पत्र्याखालच्या वर्गात बसणारे मूल आणि उन्हाळ्याच्या रात्री खाटेवर तळमळणारी वृद्ध माणसे तिची किंमत मोजीत आहेत. आणि ती थोडक्या खर्चात दूर होण्याजोगी आहे, म्हणूनच तिच्याविषयी गांभीर्याने बोलले पाहिजे.

माळवद आणि सवणे

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आडवे लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. या घराला खिडक्या बेताच्याच. ऊन, धूळ आणि चोर या तिघांचेही भय बाळगून ते बांधलेले असे. परंतु स्वयंपाकघराच्या आणि माजघराच्या माळवदाला एक भोक आवर्जून ठेवलेले असे. कोठे त्याला सवणे म्हणतात, कोठे साणे. त्यातून दिवसा उजेड खाली उतरे आणि चुलीचा धूर वर जाई. पावसाचे चिन्ह दिसले की कोणीतरी लगबगीने माळवदावर जाऊन सवण्यावर परात किंवा फरशी झाकी. वायुवीजनाचे शास्त्र कोणा गवंड्याला शिकविले गेले नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून त्याच्या हातात उतरले होते.

त्या घरात सारे आलबेल होते असे समजण्याचे कारण नाही. भिंती काजळीने काळ्या पडत, डोळे चुरचुरत. शिवाय त्या जड छपराचा खरा दोष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उघड झाला. किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा बळी जमिनीच्या हादऱ्याने थेट घेतला नव्हता. तो घेतला त्या हादऱ्याने कोसळलेल्या दगडमातीच्या भिंतींनी आणि मातीच्या छपरांनी. त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात माळवदाखाली झोपणाऱ्या माणसाच्या मनात भय शिरले, आणि ते अनाठायी नव्हते. लोकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. हा निर्णय शहाणपणाचाच होता. प्रश्न एवढाच की, माळवद उतरविताना त्याच्याबरोबर सवणेही का उतरविले गेले? भूकंपात जीव घेणारे ते भोक नव्हते. जीव घेणारी होती ती माती. आपण दोघांनाही एकाच गाडीत घालून गावाबाहेर टाकून आलो.

कंदिलाच्या काचेचा धडा

उंचावरच्या भोकातून हवा बाहेर का जाते, हे समजण्यासाठी मोठ्या ग्रंथाची गरज नाही. घरोघरी कंदील होते, त्या काळी हा प्रयोग रोज संध्याकाळी होत असे. काच काढली की ज्योत पिवळी पडून फडफडते, धूर ओकते. काच बसविली की तीच ज्योत स्थिर आणि उजळ होते. काचेतील तापलेली हवा हलकी होऊन वर धावते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या छिद्रांतून ताजी हवा आत ओढली जाते. स्विस संशोधक आर्गां याने १७८० च्या सुमारास दिव्याला नळीदार वात आणि काचेची नळी जोडून जगाची रात्र उजळली, ती याच तत्त्वावर. गिरणीचे धुराडे, वाफेच्या इंजिनांच्या जुन्या शेडवरील उंचावलेले छप्पर आणि आपले सवणे ही सारी त्या काचेचीच भावंडे होत. कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावर ठिकठिकाणी हवा सुटण्यासाठी जे उंच बांधकाम केले, त्याला आपल्या पूर्वजांनी 'उसासा' असे नाव दिले. बंदिस्त वस्तूला श्वास टाकण्यास जागा हवी, हे त्या एका शब्दात किती नेमके सांगितले आहे! इराणातील यझ्द आणि सिंधमधील हैदराबाद येथील घरांवर वारा पकडून खाली आणणारे मनोरे उभारले गेले. तेथील उष्णता आपल्याहून काही कमी नव्हती.

हिशोबही सोपा आहे. दहा फूट उंचीच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंश सेल्सिअसने अधिक तापली आहे असे धरू. पत्र्याखाली हे अशक्य नाही. खाली दार वा खिडकी पुरेशी उघडी असेल, तर छपरातील एक चौरस फुटाच्या भोकातून तासाला सुमारे अडीचशे घनमीटर हवा बाहेर पडते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे चौतीस घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतील हवा तासाभरात सात वेळा बदलते, आणि त्यासाठी विजेचा एक पैसाही लागत नाही. भोक दुप्पट केले तर जाणारी हवा दुप्पट होते. उंचीने तेवढेच साधावयाचे तर ती चौपट करावी लागते. मात्र एक अट आहे. वर जाण्याची वाट जेवढी, निदान तेवढी आत येण्याची वाट खाली हवी. दारे-खिडक्या बंद करून नुसते वर भोक पाडणे म्हणजे तळाची छिद्रे बुजलेला कंदील पेटविणे होय.

कारखान्यांच्या छपरांवर आता भोपळ्याच्या आकाराचे, वाऱ्याने गरगर फिरणारे धातूचे झरोके दिसतात. ते वाऱ्याच्या बळावर आतली हवा ओढून बाहेर टाकतात आणि वारा पडला तरी तापलेल्या हवेला वाट देतात. मालाच्या गोदामासाठी जी काळजी आपण घेतो, ती मुलांच्या वर्गासाठी आणि माणसांच्या घरासाठी का घेऊ नये?

निर्धूर चुलीची शिकवण

धुराचा प्रश्न सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल तयार केली. बीड जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत होता, त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल सिद्ध केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला गेला, तोवर देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्याची नोंद झाली होती. त्यांतील बऱ्याचशा लवकरच मोडल्या किंवा अडगळीत गेल्या. धुराड्यात काजळी साचली, ती काढण्याचे कोणी शिकविले नाही. पाइप फुटला, तो बदलून मिळाला नाही. सरकारी दप्तराने चुली मोजल्या, धूर मोजला नाही. चूल ही घराचा भाग आहे, आणि घराच्या छपरातच वाट नसेल तर चूल कितीही सुधारली तरी धूर जाणार कोठे, हा विचार त्या योजनेत अभावानेच दिसला.

यावर कोणी म्हणेल की, आता गॅस आला, धुराचा प्रश्न मिटला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने लाखो स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी पोचविली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्केच आढळली. शेगडी असलेल्या घरातही भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण चुलीवरच होते. कारण काटक्या आणि पऱ्हाट्या विकत घ्याव्या लागत नाहीत, सिलिंडर घ्यावा लागतो. घरातील धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुराचा प्रश्न मिटलेला नाही. तो फक्त नजरेआड झाला आहे.

दुसरा आक्षेप पंख्याचा. वीज असेल तर पंखा आहेच, असे म्हटले जाते. पण तापल्या पत्र्याखाली फिरणारा पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो, तिला घराबाहेर काढत नाही; आणि ऐन दुपारी वीज गेली की तेवढेही सुख उरत नाही. तिसरा आक्षेप पाऊस, उंदीर, साप आणि डास यांचा. तो खरा आहे, पण त्याचे उत्तर अवघड नाही. भोकावर वीतभर उंचीची पत्र्याची टोपी आणि आत बारीक जाळी बसविली की पाऊस आणि प्राणी बाहेर राहतात. जाळी साफ करावी लागते, हे मात्र विसरता कामा नये.

एक मर्यादाही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. झरोका तापलेली हवा बाहेर काढतो. तापलेल्या पत्र्याची थेट अंगावर येणारी धग तो थांबवीत नाही. त्यासाठी पत्र्यावर चुना मारणे किंवा पत्र्याखाली चटईचे अथवा फळ्यांचे दुसरे छत घालणे हे उपाय झरोक्याला जोडून करावे लागतात. अहमदाबादने २०१३ पासून उष्माविरोधी आराखडा राबविला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. एके काळी एकाच राज्यात नांदलेल्या या शेजाऱ्याकडून मराठवाड्याने एवढे घ्यावयास हरकत नाही.

काय करता येईल

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेच्या घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये अनुदान मिळते. घर निदान २५ चौरस मीटरचे असावे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा असावी, असा नियम आहे. हप्ता सोडण्यापूर्वी बांधकामाची छायाचित्रे घेतली जातात. याच तपासणीत दोन ओळींची भर घालावी. चुलीच्या जागेवर छपराबाहेर जाणारे धुराडे आहे काय? आणि प्रत्येक खोलीत छपरालगत एक झरोका व त्यासमोर खाली हवा येण्याची जागा आहे काय? राष्ट्रीय इमारत संहितेने कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश इतकी उघडी जागा असावी असे सुचविले आहे. हे प्रमाण बीडला लागू पडते. स्लॅब टाकण्यापूर्वी ठेवलेल्या भोकाला खर्च जवळजवळ नाहीच. नंतर ते फोडावयाचे तर मात्र गवंडी, मजुरी आणि गळती हे सारे मागे लागते.

शाळांचे काम याहून तातडीचे आहे. पत्र्याच्या वर्गखोल्यांत उन्हाळ्यात शाळा सकाळची करावी लागते, हे शिक्षकांना सांगावयास नको. आढ्यालगत झरोके पाडणे आणि छपराला चुना देणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांनी एक तापमापी जमिनीलगत आणि दुसरी पत्र्याखाली टांगून महिनाभर नोंदी ठेवाव्यात, उदबत्तीचा धूर कोणीकडे जातो ते मुलांना पाहू द्यावे, आणि मग झरोका पाडून पुन्हा मोजावे. अशा दहा शाळांच्या नोंदवह्या जिल्हा परिषदेपुढे ठेवल्या तर त्यांच्यापुढे कोणत्याही भाषणाची मातब्बरी राहणार नाही.

या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामाचे पाच-सहा महिने परमुलखात, फडाकडेच्या कोपीत काढतात. ती घरी परततात तेव्हा उन्हाळा चढणीला लागलेला असतो, आणि घर म्हणजे बहुधा पत्र्याची एक खोली. परळीच्या वीज केंद्राच्या धुराड्याची उंची किती असावी, हे ठरविण्यास नियम आणि तज्ज्ञ आहेत. त्याच जिल्ह्यातील कष्टकऱ्याच्या चुलीवर धुराडे आहे की नाही, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. उपाय माहीत नाही अशी सबब येथे चालणार नाही, कारण तो आपल्याच माळवदावर होता. येत्या ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाईल, तेव्हा नावांबरोबर झरोक्याचाही प्रश्न विचारला जावा. तो विचारण्याचे काम गावातील शिकलेल्या माणसांचे आहे.