मशीन अडकलं तर पेडल दाबू नका

मैत्रिणींनो, ऐन दिवाळीच्या तोंडावर इथे राळेगावात शेजारच्या वहिनींचं मोटरचं शिलाई मशीन 'खट्' करून अडकलं. ब्लाउजच्या शिलाईवर त्यांचा घरखर्च चालतो. घाईत त्यांनी पेडल दाबूनच धरलं, आणि मोटरला जळका वास सुटला! दुरुस्तीवाला म्हणाला, "मोटर बदला."

अशा वेळी आधी प्लग काढा. घरगुती मशीनचं शटल पूर्ण फिरत नाही, अर्धा फेरा मागे-पुढे झुलतं. खोबणीत दोरा अडकला की झालं! सुई वर घेऊन शटल बाहेर काढा, खोबण आणि दातांखालची कस्पटं जुन्या टूथब्रशने झाडा. वहिनींच्या शटलमधून बोटभर दोरा निघाला. मोटर धडधाकट होती. मग मशीनच्याच तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको हं, थंडीत ते गोठतं. पट्टाही फार ताणू नका, मोटर तापते.

कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतंय? आपण उगाच बॉबिनला दोष देतो! चूक बहुधा वरच्या दोऱ्याची असते. कापड दाबणारं फूट उचलून तो पुन्हा ओवा. जळका वास परत आला, तर मात्र मोटर मिस्त्रीलाच दाखवा.