काकूंच्या घरचं पंचामृत

गेल्या रविवारी वाशीमातच एका बारशाला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर मटकीची उसळ आणि दाण्याची चटणी शेजारी-शेजारी, आणि दोन्हींत एकच चमचा फिरत होता. माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. मी वेगळा चमचा मागितला, तर मागे उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "थोडंसं पोटात गेलं तं काय होते? सवय होऊन जाते." लेक घरून आणलेली पोळी-भाजी मुकाट्यानं जेवली. मला मात्र ते वाक्य आठवडाभर सलतं आहे.

काय होतं ते सांगतो. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळू शकतो. असं झालं तर मांडीत ताबडतोब ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, हा पहिला उपाय. सवयीचं म्हणाल, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या अभ्यासात लवकर दाणे भरवल्यानं धोका कमी झाला, हे खरं. पण तो ॲलर्जी जडण्याआधीच्या तान्ह्या बाळांचा अभ्यास होता. एकदा जडल्यावर घरच्या घरी थोडं थोडं चारून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. २०२०च्या नियमांप्रमाणे बंद पुड्यावर शेंगदाणा, दूध, सोयाबीन असा उल्लेख करावाच लागतो. कार्यातल्या पातेल्यावर तो कोण करणार?

आणि आपल्याकडे दाणा नाही कशात? पोह्यात, साबुदाण्यात, भगरीसोबतच्या आमटीत, अळूच्या पातळभाजीत, वांग्याच्या रश्श्यात. एकादशीला तर आमच्या लेकीला उपास न करणंच सोपं जातं.

म्हणूनच भाद्रपद जवळ आला की मला कारंजाच्या काकू आठवतात. माझ्या मित्राची आई. गुरुमंदिराजवळच्या गल्लीत त्यांचं जुनं घर, आणि महालक्ष्म्या पिढीजात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि जेवण, मूळावर विसर्जन. ज्येष्ठाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, फुलोरा, आणि पंचामृत. आमच्या भागात पंचामृत म्हणजे चिंच-गूळ, मिरच्या, तीळ, खोबरं आणि भरपूर दाणे. नैवेद्याचा प्रसाद नाकारायचा नसतो, आणि लेकीच्या पानात तर तो वाढायचाच नाही. पहिल्या वर्षी मी अवघडून म्हटलं, "काकू, आम्ही नुसतं दर्शन घेऊन जातो."

काकू म्हणाल्या, "माह्या घरची लेक उपाशी जाईन आन् मी महालक्ष्मीले जेवू घालू काय?"

त्यांनी वेगळं ताट केलं नाही. त्यांनी देवीच्या पंचामृतातलेच दाणे काढले. तीळ-खोबरं वाढवलं (दोन्ही लेकीला चालतं, तेवढं आधी विचारून घेतलं) आणि अख्खी पंगत तेच जेवली. कूट करायचं मिक्सरचं भांडं कितीही धुतलं तरी झाकणाच्या रबरात कण राहतो, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. म्हणून एक लहान भांडं नवं आणलं, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. सुनांना बजावलं, "दोऱ्याच्या भांड्यात दाणा टाकसान तं पाहा." देवीचा नैवेद्य बदलला म्हणून एका नातेवाईक बाईंनी नाक मुरडलं. काकूंनी त्यांना पंचामृत दुसऱ्यांदा वाढलं.

एक सांगतो, या बाबतीत पंगतच बरी. हल्लीच्या उभ्या जेवणात शेकडो हात, शेकडो चमचे. कुठला चमचा कुठून कुठे गेला याचा पत्ता नाही. पंगतीत वाढणारा एका भांड्याचा एकच डाव घेऊन येतो आणि कोण कुठे बसलं हे त्याला दिसतं. काकूंचा धाकटा नातू चटणीची वाटी घेऊन आमच्या ओळीशी आला की लेकीच्या पानावरून हात न नेता मागून वळसा घालून जातो. त्याला हे कुणी दर वर्षी शिकवत नाही. मंगल कार्यालयांतून पंगती उठल्या, त्याचं मला या एका कारणानंसुद्धा वाईट वाटतं. कार्यालयवाल्यांना माझं मागणं फार नाही: दाण्याचा पदार्थ टेबलाच्या अगदी टोकाला ठेवा, आणि विचारल्यावर "काही नाही त्यात" असं न बघता सांगू नका. आचाऱ्याला विचारून या.

तेलाचंही तसंच. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात, आणि सध्या घरोघरी घाण्याच्याच तेलाचं कौतुक आहे. काकूंकडेही मागच्या दिवाळीपासून तेच येतं. परवा त्यांचा फोन आला. फुलोऱ्याच्या तळणीचं विचारत होत्या. मी म्हटलं, सोयाबीनचं चालेल, ते आपल्याच जिल्ह्यातलं पीक. त्यांनी पंधरा किलोचा डबा सांगून ठेवला आहे.